पुढचा बाण

१

लग्नपत्रिका कोऱ्या पानावर कुणी टाइप करत नाही. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि आम्हीही सांगायला जात नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडायची, त्याच्या नावावर नव्याचं नाव टाइप करायचं, तारीख बदलायची, कार्यालय बदलायचं आणि प्रिंट हातात द्यायची. चौकट तीच, मायना तोच, आतली माणसं तेवढी बदलतात. अकोल्याच्या जठारपेठेत माझं 'तायडे टायपिंग सेंटर' आहे. आठ वर्षं मी एकाच फाईलवर गावातली निम्मी लग्नं उरकली होती. फाईलचं नाव 'लग्न १'. 'लग्न २' करायची वेळच कधी आली नाही.

२००६ च्या मार्चात मला कॉम्प्युटरची सिस्टीम बदलावी लागली. अमरावतीच्या ज्या प्रेसकडे मी छपाईला पाठवायचो, त्यांनी नवी यंत्रं घेतली आणि जुन्या सिस्टीमवरच्या फायली ते घेईनात. माझी अजिबात इच्छा नव्हती. चालत्या गोष्टीला हात लावू नये, एवढा एकच सिद्धांत मी धंद्यात पाळत आलो. पण लग्नाचा सीझन तोंडावर आला होता. कापसाने लोकांचे असे हाल केले होते की पाचशे पत्रिका छापणारा दीडशेवर भागवत होता. असलेलं गिऱ्हाईक घालवून चालणार नव्हतं, म्हणून मी नईमला बोलावलं.

नईम म्हणजे आमच्या पेठेतल्या तमाम कॉम्प्युटरांचा डॉक्टर. त्याने दिवसभर बसून नवी सिस्टीम टाकली. संध्याकाळी कळलं की माझा जुना मराठी एडिटर तिच्यावर उघडतच नाही.

"अनुपभाई, हा एडिटर लई बुढा झाला," नईम म्हणाला. "नवा घेऊन टाका."

"नव्यात माह्या जुन्या फायली दिसतीन का?"

"दिसतीन ना. वाचता नाई येनार, तेवढंच."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा खुर्ची ओढली. बराच वेळ खुडबुड केली आणि म्हणाला, "एक जुगाड हाय. याले मी भासवून देतो का, अजून जुनीच सिस्टीम चालू हाय. त्या बिचाऱ्याले पत्ताच नाई लागत का जमाना कोठी पोचला."

एडिटर उघडला. पण अर्ज, बायोडाटा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळ्यांच्या जागी नुसत्या चौकोनांच्या रांगा. आठ वर्षांच्या कामावर पाणी. एकच फाईल स्वच्छ उघडली, काना-मात्रेसकट. 'लग्न १'.

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

२

त्या एडिटरमध्ये वरच्या पट्टीवर दोन वळलेले बाण होते. मागचा बाण दाबला की केलेलं काम एकेक पाऊल मागे जातं. पुढचा बाण दाबला की मागे घेतलेलं परत येतं. नुकत्याच उघडलेल्या फाईलवर पुढचा बाण फिकट राखाडी असतो, दाबला तरी दबत नाही. साधी गोष्ट आहे. मागे काही घेतलंच नाही, तर पुढे आणणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली तर पुढचा बाण निळा होता. मी पाहिलं, आणि नव्या सिस्टीमचा काहीतरी चावटपणा म्हणून सोडून दिलं.

पार्बताबाई नावाची एक म्हातारी नातवाची पत्रिका करायला बसली होती. तिचं सतत चालू, "बाप्पा, जरा मोठ्या अक्षरात कर, मले दिसलं पाह्यजे." मोठ्या अक्षरात चौकट फुटली. मी मागचा बाण दाबला, घाईत दोनदा जास्त दाबला गेला, आणि पडद्यावर तिच्या नातवाऐवजी दुसरंच जोडपं आलं. मागच्या वर्षीचं, मला आठवत होतं. आणखी दाबलं, त्याच्या आधीचं जोडपं. असं अकरा वेळा दाबलं आणि अकरा लग्नं मागे गेलो. खरं म्हणजे फाईल बंद केली की मागचं सगळं पुसलं जातं, निदान तसा नियम आहे.

नईमला फोन केला. तो म्हणाला, "जुने एडिटर आळशी असते भाई. पुसलेलं खरं पुसत नाई, फाईलीतच दाबून ठेवते. आता ते वर येऊन राहिलं."

पटलं मला. कुणालाही पटलं असतं.

मग मी पुढचा बाण दाबत परत निघालो. नीट मोजून अकरा वेळा. पार्बताबाईचा नातू पडद्यावर आला. आता तरी बाण फिका व्हायला हवा होता. तो तसाच निळा राहिला. मी बारावी वेळ दाबला.

आतून चक्की फिरल्यासारखा कर्रकर्र आवाज आला. नातवाचं नाव पुसलं गेलं आणि त्या जागी अक्षरं उमटू लागली. एकदम नाही, एकेक करून. 'ओमप्रकाश'. मग थोडा थांबा. मग आडनाव. मग 'कौशल्या'. पुन्हा थांबा, पुन्हा आडनाव. तारीख चुकीची उमटली, पुसली गेली, नवी उमटली. माझा एक हात माउसवर होता आणि दुसऱ्यात चहाचा कप. कीबोर्डला कुणीही शिवलेलं नव्हतं.

"झालं का रे बाप्पा?" पार्बताबाई म्हणाली. मी पटकन मागचा बाण दाबला, तिचा नातू आणला आणि प्रिंट दिली. ही कोणाची तरी जुनी पत्रिका असेल, अशी मी मनाची समजूत घातली. फक्त एका गोष्टीने अस्वस्थ केलं. नाव टाइप केलं की आडनाव कागदावर शोधायला मी थोडा थांबतो. सवय आहे माझी. ती अक्षरं तिथेच थांबत होती.

३

चार दिवसांनी बाळापूरहून एक गृहस्थ आले. मुलगी कौशल्या, जावई ओमप्रकाश. त्यांनी कागद पुढे केला. तारीख तीच. कागदावर आधीची तारीख खोडून वर नवी लिहिलेली होती.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी पुढचा बाण दाबला. पडद्यावर पत्रिका आपोआप उमटत असताना मी कीबोर्डवर नुसती बोटं नाचवली, गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. "लई फास्ट हात हाय भाऊ तुमचा," ते म्हणाले. मी हसलो.

पुढचे पंधरा दिवस मी नऊ पत्रिका अशाच केल्या. कधी आदल्या दिवशीच एक पाऊल पुढे जाऊन पाहून ठेवायचो, उद्या कोण येणार ते. ते यायचेच. भीती वाटायची का? वाटायची. पण एप्रिलमध्ये अकोल्यात सकाळी नऊपासून अंग भाजतं, आठ आठ तास लाईट नसते, कूलर बंद, यूपीएसवर दहा मिनिटांत काम उरकायचं असतं. तेवढ्या गडबडीत भीतीला बसायला जागा मिळत नव्हती.

शिवाय मी देवमन तायडेंचा मुलगा. एसटीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून हयात काढलेल्या माझ्या बाबांनी चौदाव्या वर्षी आपल्या वडिलांबरोबर घरातले देव नदीत सोडले होते. आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर मांजराला बाजूला करतात आणि पुढे जातात. मुहूर्त नाही, कुंडली नाही, लग्न रविवारी, कारण रविवारी लोकांना सुट्टी असते. अशा घरात वाढलेला माणूस कोणाला जाऊन सांगणार की माझा कॉम्प्युटर उद्याचं आज टाइप करतो? मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. नईमला मी एकदा तो निळा बाण दाखवला. "वरतून पेटलेला दिसते, भाई," तो म्हणाला, "आतमंधी काही नसते." दाबून काही त्याने पाहिलं नाही.

४

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. उद्याचं पाहून ठेवावं म्हणून मी बाण दाबला.

'मैना', असं उमटलं. मग थांबा झालाच नाही. 'तायडे' लगेच उमटलं, कागदावर न शोधता.

मैना म्हणजे माझी बहीण. आम्ही तिघं भावंडं, मी, मैना आणि शेंडेफळ पिंकी. मैना सत्तावीस वर्षांची झाली होती. आई गेल्यापासून घर तिनेच ओढलं, त्यात वय गेलं. दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती. पेठेतल्या बाया तिच्याकडे बघून उसासे टाकायच्या आणि ती त्यांच्यासमोरून ताठ मानेने भाजी आणायला जायची. घरी आल्यावर मात्र पिशवी दारातच टाकून आत निघून जायची.

पडद्यावर वराचं नाव आलं. सुगत वानखडे, अंजनगाव सुर्जी. रविवार, २१ मे २००६. खाली आमच्या आईचं नाव, 'कालकथित मनकर्णाबाई देवमन तायडे'. आमच्यात वारलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात. पत्रिका पूर्ण झाली आणि मी एकटाच त्या खुर्चीत बसून रडलो. आनंदानेच रडलो, खोटं कशाला बोलू.

तीन दिवसांनी बाबांचे जुने मित्र उत्तमराव स्थळ घेऊन घरी आले. मुलगा अंजनगावला शाळेत मास्तर, वडिलांचा पानमळा, नाव सुगत.

"आमाले मंजूर हाय," मी म्हणालो.

बाबा बघतच राहिले. "अबे, चौकशी तं करू दे. आजवर तूच सतरा फाटे फोडत होता."

"कायले पाह्यजे चौकशी? उत्तमकाका का वाईट स्थळ आनतीन?"

पाहुणे येऊन गेले, साखरपुडा झाला. मी दुकानात बाण दाबला आणि दोनशे पत्रिका अमरावतीहून छापून आणल्या. मैनाने पहिली पत्रिका हातात घेतली, वाचली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

"दादा, तू माहं नाव लई मोठ्या अक्षरात टाकलं," ती म्हणाली. त्या दिवशी तिने स्वयंपाक करताना गाणं म्हटलेलं मी ऐकलं. मला वाटतं, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

५

तिथेच थांबायला हवं होतं. पण सवय लागली होती. तिची पत्रिका छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल उघडली. बाण निळा होताच. दाबला.

या वेळी अक्षरं फार सावकाश आली. एक अक्षर, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं मशीन अडकलं. मग दुसरं अक्षर. मैनाचं नाव पुसून त्या जागी 'पिंकी' आलं.

पिंकी तेव्हा सतरा वर्षांची. बारावीची परीक्षा दिलेली, डी.एड.ला जायचं म्हणून फॉर्म कधी निघतात ते रोज विचारणारी. मला हसू आलं, एवढ्यात हिचं कुठलं लग्न! तारीख आली, रविवार, २० मे २००७. वर्षभराने. बरं, असेल बाबा.

मग मी वराच्या नावाकडे पाहिलं. ते पुसलंच गेलं नव्हतं. सुगत वानखडे, अंजनगाव सुर्जी. तसंच राहिलं होतं, मागच्या पत्रिकेतलं.

मी वाट पाहिली. विसरला असेल, आता बदलेल. कोण विसरला असेल हे मनात येताच मी ते बाजूला ढकललं. टायपिंगचे ठोके खाली सरकले, आईच्या नावाच्या ओळीवर गेले. आईच्या नावापुढे एक स्वल्पविराम उमटला. मग 'कालकथित'. मग बराच वेळ काही नाही. मग ते पुसलं गेलं. पुन्हा उमटलं. पुन्हा पुसलं. मनाविरुद्ध टाइप करणाऱ्या माणसासारखं चाललं होतं. दोन अक्षरं पुढे, एक मागे. आणि मग 'कालकथित'च्या पुढे 'मैना' आलं.

मी मागचा बाण दाबला. दाबतच राहिलो, कुठल्या तरी अनोळखी जोडप्यावर येईपर्यंत. मग मशीनचं बटणच बंद केलं.

आमच्याकडे काय रीत आहे ते मला कोणी सांगायला नको होतं. थोरली बाळंतपणात गेली, मागे तान्हं राहिलं, तर धाकटी त्याच घरात देतात. लेकराला परकी आई नको म्हणून. आमच्या गल्लीतच असं एक घर आहे. मी बोटांवर महिने मोजले. मेपासून मेपर्यंत. एक बाळंतपण त्यात आरामात बसत होतं.

६

मी अंजनगावला गेलो. जी चौकशी आधी करायची, ती आता, पत्रिका छापल्यावर करायला निघालो. देवा-धर्माचं काही नाही, माणसात काही खोट सापडली तर तिच्यावर बोट ठेवून नाही म्हणता येईल, एवढीच माझी आशा.

खोट सापडली नाही. शाळेत विचारलं, पानटपरीवर विचारलं, शेजारी विचारलं. सुगत दारू पीत नव्हता, तंबाखूसुद्धा खात नव्हता. मला पाहून तो गोंधळला, पण प्रेमाने घरी घेऊन गेला. एका खोलीला त्याने नवा चुना मारला होता आणि भिंतीत फळी ठोकली होती.

"त्यायले वाचाची आवड हाय म्हने," तो मैनाबद्दल लाजत म्हणाला. "पुस्तकायसाठी केली."

"बाळंतपनाचा दवाखाना किती दूर हाय इथून?" मी विचारलं.

त्याचा चेहरा लाल झाला. त्याच्या आईने पदराआड तोंड लपवून हसून घेतलं. माझ्या मनात काय चाललं आहे हे त्या घरात कोणाला कळणार होतं? ती पांढरी खोली मी डोळे फाडून बघत होतो, बाज कुठे टाकतील, पाळणा कुठे टांगतील. परतीच्या एसटीत मी स्वतःला शंभर वेळा समजावलं की एका बिघडलेल्या एडिटरपायी लग्न मोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. आणि अकोल्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझं ठरलं होतं. माझी बहीण जिवंत राहिली पाहिजे, मग मला कोणी वेडा म्हणो.

घरी आल्यावर मी सांगितलं, "पोरगा पिते. मी सोताच्या डोयानं पाह्यलं. लगन नाई होनार."

७

खोटं बोलायचं तर ते टिकेल असं बोलावं. माझं दोन दिवस टिकलं. बाबा स्वतः अंजनगावला गेले, तिथे त्यांना सगळं कळलं. पण तोवर मी सुगतच्या वडिलांना फोन करून नकार कळवला होता आणि तो त्यांच्या चांगलाच वर्मी लागला होता.

बाबा परत आले, चप्पल काढून खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "या. बसा. सांगा आमाले, काहून केलं तुमी हे?" बाबांनी जन्मात मला 'तुमी' म्हटलं नव्हतं. त्यांनी एक चपराक मारली असती तर मी सहन केली असती.

मी उठून चपला घातल्या आणि दुकानात निघून गेलो. काय सांगणार होतो?

पेठेत मात्र बातमी फिरली, आणि फिरता फिरता तिने वेगळंच तोंड काढलं. मुलगा चांगला आहे, मुलाकडून काही नाही, सख्ख्या भावानेच मोडलं. म्हणजे पोरीचंच काहीतरी असणार, आणि ते भावाला माहीत असणार. मैना भाजीला जाईनाशी झाली. पत्रिकांचा गठ्ठा तिने कपाटाच्या वर टाकला.

एक दिवस मी जेवत असताना ती समोर येऊन उभी राहिली.

"दादा, मी रागावत नाई. फक्त खरं सांग. माह्यात काय खोट दिसली तुले?"

"तुह्यात काहीच नाई वं."

"मंग?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. मी तुझा जीव वाचवला, असं सांगावंसं वाटत होतं, अगदी ओठावर आलं होतं. ती आत गेली. मला तिची कीव आली, पण खरं सांगतो, मनातून मी निर्धास्त होतो. चिडली आहे, रडते आहे, पण आहे ना! 'लग्न १'ला त्या दिवसापासून मी हात लावला नव्हता, पत्रिकेची गिऱ्हाइकं परत पाठवत होतो.

मग २० मेच्या शनिवारी संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना बसवलं. मैना परातीत डाळ निवडत होती.

"वानखड्यायच्या घरची माफी मांगून आलो," बाबा म्हणाले. "मानसं भली हायेत. जे झालं ते झालं म्हनते. मीच म्हटलं, आमची धाकटी घ्या. फेब्रुवारीत तिले अठरा लागतीन. पुढच्या साली, हेच दिवस पाहून, वीस तारखेले करून टाकू. रविवार येते."

पिंकीने मान खाली घातली. मी बाबांकडे बघत होतो आणि मनात एकेक जुळवत होतो. सुगत, पिंकी, वीस मे. कोणीही मेलं नव्हतं, कोणाचं बाळंतपण झालं नव्हतं, तरी ती पत्रिका आमच्या घरात येऊन बसली होती. आणि तिला दार मीच उघडून दिलं होतं.

मैनाने डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग दुसरा. कोणाकडेही न बघता ती पूर्ण परात निवडून उठली.

८

दुसरा दिवस २१ मेचा रविवार. घरात त्या तारखेबद्दल कोणीच बोलत नव्हतं, तरी प्रत्येक जण ती टाळून चालत होता. मी दहा वाजताच दुकानात येऊन बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लाईट आली, गेली, पुन्हा आली. अडीचच्या सुमाराला मला राहवलं नाही आणि मी 'लग्न १' उघडली.

सुटकेची एक फट मला दिसत होती. जर बाळंतपण नसेल, जर मैना त्या घरात गेलीच नसेल, तर ती ओळ खोटी ठरायला हवी. त्या दिवशी मी ती अर्धीच पाहिली होती. पुढे काही वेगळं असेल. दुसरीच कोणी मैना असेल, वानखड्यांच्या घरातली कोणी म्हातारी असेल.

अनोळखी जोडप्यापासून पुढे येत येत मी मैनाच्या पत्रिकेवर आलो. मग पुढचं पाऊल टाकलं. तेवढ्यात लाईट गेली आणि यूपीएस ओरडायला लागला. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला. त्या शांततेत कर्रकर्र आवाज फार मोठा वाटला.

पिंकी. तारीख. सुगतचं नाव जागच्या जागी. ठोके खाली सरकले. स्वल्पविराम. कालकथित. पुसलं. पुन्हा कालकथित. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो, मागचा बाण दाबायचा नाही म्हणून. 'मैना' आलं.

मग तो टाइप करणारा थांबला. कागदावर शोधण्याचा थांबा नव्हता तो. माणूस चष्मा काढतो, डोळे पुसतो, पुन्हा लावतो, तेवढा वेळ गेला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण खुर्चीत तो कसा बसला असेल हे मला कळत होतं, कारण मी तसाच बसलो होतो.

मग पुढचं नाव आलं. 'देवमन'. आणि मग 'तायडे'.

मी ती ओळ दोनदा वाचली. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं. आठ वर्षांत मी हजारो बायांची नावं तशी लावली होती. त्या दिवशी ही ओळ पूर्ण होऊ दिली असती, अर्धं मिनिट थांबलो असतो, तर मला कळलं असतं की ही मैना कोणाच्या घरी नांदून, कोणाचं लेकरू जन्माला घालून गेलेली नाही. ती आमच्याच घरातून गेली. लग्न मोडलेली, बापाच्या नावाची.

यूपीएस एकसारखा ओरडत होता. मी फोन ओढला आणि घरचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर पिंकीने उचलला. झोपेतून उठल्यासारखा आवाज होता.

"पिंके, ताईले दे."

"ताई? ते तं तुह्याकडंच आली ना दादा."

"माह्याकडं?"

"डबा घेऊन निघाली. म्हने, दादा उपाशी असन, रागाचं रागाच्या जागी. मले म्हने, तू झोप." आता तिची झोप उडाली. "नाई पोचली का अजून?"

"कवा निघाली?"

"बारा वाजले असतीन."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. आमच्या घरापासून दुकान चालत सात मिनिटं आहे. पिंकी फोनमध्ये दादा, दादा करत होती. मी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला, शटरही न ओढता रस्त्यावर आलो. ऊन डोळ्यांत घुसलं. डावीकडे रेल्वेचं फाटक आहे, उजवीकडे नदीचा पूल, आणि मला कुठल्या बाजूला पळायचं तेच कळेना.